जुन्या नाशिकवरच्या शॉर्ट फिल्म आणि निवेदनाची भानगड

नाशिक आणि सिनेमा म्हटलं की गाडी त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांवर जाऊन थांबते, त्यांचं सगळ्यांना पाठ आहे. इथे कामाचं एकच, 1912 साली त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना दाखवलं, महिनाभर रोज थोडं थोडं शूट करून. (पैसेवाल्यांना दाखवून भांडवल उभं करायचं होतं, तो भाग वेगळा.) ना पात्र ना गोष्ट, म्हणजे आपल्याकडे पहिल्या फीचरच्या आधीच प्रायोगिक शॉर्ट फिल्म होऊन गेली. 1927 ला तिकडे बर्लिनच्या एका दिवसावर फिल्म आली, त्यात नायक म्हणजे शहरच.

आपल्याकडे घोळ झाला तो निवेदनाचा, म्हणजे पडद्यामागून माहिती सांगणाऱ्या आवाजाचा. 1948 ला सरकारची फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली, थिएटरात मेन पिक्चरच्या आधी तिचे माहितीपट दाखवणं तेव्हा सक्तीचं होतं, आणि त्यात तो भारदस्त आवाज, धरण दिसलं की धरणाबद्दल सांगणार, बाजार दिसला की बाजाराबद्दल. लोकांचे कान त्यावरच तयार झाले. साठच्या दशकाच्या शेवटी तिथल्याच काही जणांनी निवेदन काढून नुसते कट आणि आवाज ठेवून बघितलं, पण सवय काही मोडली नाही.

नाशकात तर जास्तच. तांबट लेन, दहीपूल, भद्रकाली, कुठेही कॅमेरा लावा, एक गट म्हणणार माहिती द्या, वाडा कुणाचा, घंटा कधीची, नाहीतर बाहेरच्याला काय कळणार. दुसरा म्हणणार गल्लीचा आवाज ऐकू द्या की. मला दुसरंच पटतं, कारण निवेदन आलं की दोन मिनिटांत रामाचा वनवास सुरू होतो आणि गल्ली राहते बाजूला. पण पहिल्यांचंही एक खरंय, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं की पूर किती समजायचा हे नाशिककराला सांगावं लागत नाही, बाहेरच्याला नुसती पाण्यातली मूर्ती दिसते.

2008 च्या पुरात सराफ बाजारात पाणी घुसलं, 2016 ला स्मार्ट सिटीत नंबर लागला, मग घाटाच्या जुन्या दगडी पायऱ्या काढल्या म्हणून बोंबाबोंब, मधल्या काळात वाडे पडतच होते, आता परत कुंभाची कामं. त्यामुळे नुसत्या मूडसाठी केलेलं शूटिंगसुद्धा पुढे पुरावा म्हणून बघितलं जाणार. गल्लीचं नाव आणि शूटचं साल तेवढं शेवटच्या पाटीवर टाकायला हरकत नाही, निवेदन मात्र नको.