दिवा नेमका कोणता, हे ओळखायचे कसे?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या तोंडाशी आइल ऑफ मे नावाचे छोटे बेट आहे. १६३६ पासून तिथल्या एका मनोऱ्याच्या माथ्यावर रात्रभर दगडी कोळसा जाळला जाई आणि जहाजे त्या आगीच्या आधाराने खाडीची वाट धरीत. १८१० च्या डिसेंबरात ब्रिटिश नौदलाच्या निम्फ आणि पॅलस या दोन युद्धनौकांनी किनाऱ्यावरच्या एका चुन्याच्या भट्टीचा उजेड म्हणजेच मे बेटावरचा दिवा असे समजून दिशा ठरवली, आणि दोन्ही एकाच रात्री डनबारजवळच्या खडकांवर आदळून फुटल्या. उजेड त्यांना दिसला होता, पण तो कुठला हे सांगणारी कोणतीच खूण त्यात नव्हती.

खरे तर तोवर दीपगृहांची देखभाल करणारे नॉर्दर्न लाइटहाउस बोर्ड स्थापन होऊन चोवीस वर्षे झाली होती. बोर्डाचे पहिले दीपगृह १७८७ मध्ये उत्तरेकडे फ्रेझरबर्ग येथे, किनेर्ड हेडच्या जुन्या किल्ल्यावर उभे राहिले. बोर्डाचा अभियंता थॉमस स्मिथ याने तिथे देवमाशाच्या तेलाचे सतरा दिवे लावले आणि प्रत्येकामागे अन्वस्ताकार, म्हणजे खोलगट वाटीसारखा आरसा बसवला. अशा आरशाच्या नाभीवर, म्हणजे त्याचे किरण जिथे एकवटतात त्या बिंदूवर, ज्योत ठेवली की चोहीकडे विखुरणारे किरण जवळजवळ समांतर होऊन एकाच दिशेला जातात, त्यामुळे तेवढ्याच तेलात उजेड कितीतरी लांब पोहोचतो. मात्र हा दिवा स्थिर होता, आणि दुरून पाहणाऱ्याला दोन स्थिर दिव्यांतला फरक कळणे अवघडच होते.

ही अडचण बेल रॉकवर प्रकर्षाने पुढे आली. आरब्रोथ बंदरापासून सुमारे १८ किलोमीटर आत समुद्रात असलेला हा खडक भरतीला पूर्ण बुडतो, त्यामुळे तिथे सुरुवातीला ओहोटीच्या मोजक्या तासांतच काम करता येई. १८०७ ते १८१० या काळात एकमेकांत खाचा बसवलेल्या दगडांचा, सुमारे ३५ मीटर उंचीचा मनोरा तिथे उभारला गेला. त्याच्या श्रेयावरून रॉबर्ट स्टीव्हन्सन आणि जॉन रेनी या दोन अभियंत्यांच्या वारसदारांत पुढे बरीच वादावादी झाली. बेल रॉकबद्दल लिहिणारे बहुधा या बांधकामातच रमतात, पण माझ्या मते माथ्यावरच्या काचघरातली युक्ती तितकीच मोलाची आहे. १ फेब्रुवारी १८११ रोजी तिथे जो दिवा लागला तो आळीपाळीने पांढरा आणि लाल दिसत असे. आरसे लावलेली चौकट घड्याळासारख्या यंत्राने, खाली उतरणाऱ्या वजनाच्या जोरावर फिरे आणि काही आरशांपुढे लाल काच असे. लालच का? तेलाच्या ज्योतीत निळा प्रकाश मुळातच कमी असतो. निळी काच लावली तर तिच्यातून फारसे काही बाहेर पडतच नाही. लाल काचही बराच प्रकाश शोषून घेते, म्हणून लाल झोत पांढऱ्याइतका दूर जात नाही. रंगाने ओळख मिळाली, पण पल्ला घटला. मे बेटाची मालकी बोर्डाने १८१४ मध्ये घेतली आणि १८१६ मध्ये तिथे नवे दीपगृह सुरू झाले.

रंगाशिवाय ओळख देण्याचा मार्ग भिंगाने खुला केला. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेल याने जाड भिंगाचा अनावश्यक भाग काढून टाकून ते एकात एक बसणाऱ्या कड्यांचे केले आणि वर-खाली निसटणारे किरण लोलकांनी वळवून झोतात आणले. स्कॉटलंडमध्ये ही पद्धत रॉबर्टचा मुलगा ॲलन स्टीव्हन्सन याने १८३५ मध्ये इंचकीथ बेटावर आणली. अशा भिंगांच्या पिंजऱ्यात मधला दिवा सतत जळतो आणि पिंजरा फिरतो. प्रत्येक भिंगातून एक झोत निघतो आणि तो जहाजावरून सरकून गेला की खलाशाला एक लखलखाट दिसतो. सारख्या अंतरावर चार भिंगे असतील आणि एक फेरा वीस सेकंदांत पूर्ण होत असेल, तर दर पाच सेकंदांनी एक लखलखाट होतो. दोन भिंगे जवळजवळ बसवली तर लखलखाट जोडीने येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पिंजरा पाऱ्यावर तरंगत ठेवण्याची सोय निघाली आणि कित्येक टनांचे काचकाम बोटाने ढकलता येऊ लागले.

या किनाऱ्यावरची वाट त्यामुळे मोजून ओळखता येते. मे बेट पंधरा सेकंदांत दोनदा चमकते, बेल रॉक दर पाच सेकंदांनी एकदा, माँट्रोजजवळचे स्कर्डी नेस वीस सेकंदांत तीनदा, तर ॲबरडीनचे गर्डल नेस वीस सेकंदांतच दोनदा. बेल रॉकचे रक्षक १९८८ मध्ये उतरले, आणि १९९८ पर्यंत स्कॉटलंडची सर्व दीपगृहे स्वयंचलित होऊन त्यांच्यावर एडिनबरामधून लक्ष ठेवले जाऊ लागले. एलईडी दिवा थेट चालू-बंद करता येतो, त्यामुळे फिरत्या पिंजऱ्याची गरजही उरत नाही.

लाल रंग मात्र हद्दपार झालेला नाही. त्याचे काम बदलले. नॉर्थ कार या धोक्याच्या खडकांजवळ पूर्वी एक दीपनौका नांगरलेली असे. १९७५ मध्ये तिच्या जागी किनाऱ्यावर फाइफ नेसचे दीपगृह आले. ते बहुतेक दिशांना पांढरे दिसते, पण या खडकांच्या बाजूने पाहिल्यास लाल दिसते, म्हणजे दिवा कोणता याबरोबरच आपले जहाज कुठे आहे हेही खलाशाला त्याच चमकेतून समजते.