अमेरिकेतील शाळेत मोफत जेवणाचा अर्ज : कुठे अडतो, आणि मंजुरीनंतरही बिल का येते

ओळखीतल्या मराठी कुटुंबांना हा अर्ज भरायला मदत करताना एक गोष्ट वारंवार दिसली आहे. पात्रता नाही म्हणून नाकारलेले अर्ज थोडे असतात, तर एखादा रकाना रिकामा राहिल्याने परत आलेले पुष्कळ असतात. त्याहून जास्त मनस्ताप होतो तो मंजुरीचे पत्र हातात असताना महिनाअखेरीस जेवणाचे बिल आल्यावर, आणि त्या बिलाचे मूळ बहुतेक वेळा शाळेच्या आहाराच्या पोषण-निकषांत असते.

मुळात अर्ज लागतो का, हे आधी शाळेला विचारावे. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत सार्वजनिक शाळांतल्या सर्व मुलांना न्याहारी आणि दुपारचे जेवण मोफत मिळते, आणि इतर राज्यांतही गरजू मुलांचे प्रमाण जास्त असलेल्या अनेक शाळा संपूर्ण शाळेसाठीच ही सोय स्वीकारतात. बाकी ठिकाणी, घराचे उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, आणि १३० ते १८५ टक्क्यांदरम्यान असेल तर सवलतीच्या दरात मिळते. सवलतीचा दर दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट आणि न्याहारीला ३० सेंट असतो. अर्जात नागरिकत्व विचारलेले नसते, त्यामुळे व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी त्या कारणाने मागे राहू नये.

सर्वाधिक चुका उत्पन्नाच्या रकान्यात होतात. तिथे हातात पडणारा पगार नव्हे, तर कर आणि विमा कापला जाण्यापूर्वीचा पगार लिहायचा असतो, आणि तोही सध्याचा. गेल्या वर्षीचे करविवरण पाहून आकडा भरणाऱ्या ज्या कुटुंबाची नोकरी मधल्या काळात गेली आहे, ते विनाकारण अपात्र ठरते. नोकरी सुटली असेल तर आजचे उत्पन्न लिहावे, आणि ज्याला काहीच उत्पन्न नाही त्याच्यापुढे स्पष्ट शून्य लिहावे. पगार ‘दर दोन आठवड्यांनी’ मिळतो की ‘महिन्यातून दोनदा’, या दोन चौकटी शेजारी शेजारी असतात आणि एकच वाटतात, पण पहिल्यात वर्षाला २६ पगार धरले जातात आणि दुसरीत २४. एका पगारात २,००० डॉलर असतील तर नुसत्या खुणेने वर्षाच्या हिशेबात ४,००० डॉलरचा फरक पडतो. खूण करण्यापूर्वी पगाराच्या पावतीवरील तारखा पाहाव्यात.

घरातील माणसांची संख्याही अशीच चुकते. एकत्र राहणारी आणि खर्च एकत्र चालवणारी सगळी माणसे मोजायची असतात. त्यात अर्ज भरणारे स्वतः आणि शाळेत न जाणारे तान्हे बाळही येते. संख्या आणि खाली लिहिलेली नावे जुळली नाहीत तर अर्ज अपूर्ण ठरतो. सही करणाऱ्या प्रौढाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (अमेरिकी सरकार देते त्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे मागितलेले असतात. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या कित्येक आयांकडे हा क्रमांक नसतो, म्हणून त्या जागा कोरी सोडतात, आणि अर्ज तिथेच अडकतो. क्रमांक नाही, असे सांगणारी छोटी चौकट त्याच ओळीत असते. तिथे खूण केली की काम होते. ही चौकट ठळक छापायला कुणाचे काय बिघडले असते, हे मला अजून समजलेले नाही. एका शालेय जिल्ह्यातील, म्हणजे एकाच व्यवस्थापनाखालील शाळांतील, सर्व मुलांसाठी घराचा मिळून एकच अर्ज पुरतो.

मुदतीविषयी एक गैरसमज महागात पडतो. मागील वर्षाची मंजुरी नव्या वर्षात शाळेच्या कामकाजाच्या पहिल्या ३० दिवसांपर्यंत चालते, म्हणून पालक निश्चिंत राहतात आणि ऑक्टोबरमध्ये मुलाला अचानक पूर्ण दर लागू होतो. अर्ज वर्षभरात कधीही देता येतो, पण मंजुरीपूर्वी साचलेली बाकी बहुधा पालकांनाच भरावी लागते. मंजूर अर्जांपैकी काही, साधारण ३ टक्के, शरद ऋतूत पडताळणीसाठी निवडले जातात. त्या पत्राला पगाराच्या पावत्यांसह उत्तर दिले नाही तर पात्र कुटुंबाचीही सवलत बंद होते. जाहिरात समजून ते पाकीट टाकून देऊ नये.

आता बिलाविषयी. शासन शाळेला पैसे देते ते निकषात बसणाऱ्या पूर्ण जेवणाचे. फळ, भाजी, धान्य, प्रथिने आणि दूध असे पाच घटक शाळेने समोर ठेवायचे असतात, आणि हायस्कूलमध्ये विद्यार्थ्याने त्यांपैकी किमान तीन उचलायचे असतात. या तिनांत अर्धा कप फळ किंवा भाजी असलीच पाहिजे. नववीतली एक मुलगी रोज चीज पिझ्झाचा तुकडा आणि दूध घेत असे. धान्य, प्रथिने आणि दूध असे तीन घटक झाले, पण फळ नव्हते. ते जेवण ठरले नाही, सुट्या वस्तू ठरल्या, आणि सुट्या वस्तूंना कोणतीच सवलत नसते. गल्ल्याशेजारच्या टोपलीतले एक सफरचंद ताटात ठेवले असते तर सगळेच मोफत झाले असते. ती ते घेत नव्हती, कारण खायचे नसेल तर घेऊ नकोस, अन्न टाकू नये, असे आईने तिला लहानपणापासून शिकवले होते. बऱ्याच शाळांत न खाल्लेले फळ इतरांसाठी ठेवायचे टेबल असते, काही शाळा ते सोबत नेऊ देतात. मुलांना हे नीट समजावून सांगावे, म्हणजे संस्कारही मोडत नाही आणि बिलही येत नाही. न्याहारीलाही अर्धा कप फळाची अशीच अट असते. पाणी घटकांत धरले जात नाही, आणि दुसरे ताट घेतल्यास त्याचे पैसे पडतात.

शाकाहारी मुलांसाठी राजमा, मसूर, टोफू, अंडी, चीज आणि दही हे प्रथिनांत धरले जातात, मात्र धर्म किंवा आवडीमुळे वेगळे जेवण देणे शाळेवर बंधनकारक नाही. विनंती जरूर करावी, पुष्कळ स्वयंपाकघरे ती मानतात. शेंगदाणा किंवा दुधाची गंभीर ॲलर्जी असेल तर मात्र पर्याय देणे शाळेचे कर्तव्य ठरते, आणि त्यासाठी त्या राज्यात परवाना असलेल्या वैद्यकीय व्यावसायिकाचे किंवा नोंदणीकृत आहारतज्ज्ञाचे लेखी निवेदन लागते. पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांची चिठ्ठी इथे चालत नाही, मग ती कितीही सविस्तर असो. आहारावर काय मर्यादा येते, कोणता पदार्थ टाळायचा आणि त्याऐवजी काय द्यायचे, हे तिन्ही त्यात हवे. ‘त्याऐवजी’ची ओळच डॉक्टरांच्या हातून राहते, आणि त्या एका ओळीसाठी पुन्हा अपॉइंटमेंट घ्यावी लागते. म्हणून शाळेचाच छापील नमुना सोबत न्यावा आणि दवाखान्यातून निघण्यापूर्वी ती जागा भरली आहे का ते पाहावे.