ब्लॅकजॅकमधील पत्तेमोजणी : आरंभीचा इतिहास

ब्लॅकजॅक या जुगारी खेळात पडून गेलेल्या पानांवरून उरलेल्या कॅटचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे पैज लहानमोठी करायची, या पद्धतीला पत्तेमोजणी किंवा कार्ड काउंटिंग म्हणतात. तिचा शास्त्रीय पाया अमेरिकेत १९५६ ते १९६६ या काळात घातला गेला. अचाट स्मरणशक्तीचा माणूस पडलेले एकूण एक पान लक्षात ठेवतो, असे तिचे चित्र लोकांच्या मनात असते. ते खरे नाही. मोजणारा बहुधा एकच छोटा आकडा डोक्यात सांभाळत असतो. तो कोणता असावा हे ठरवण्यासाठी मात्र गणित लागले, संगणक लागला आणि काही माणसांची कित्येक महिन्यांची मेहनत लागली.

खेळ थोडक्यात असा. खेळाडूला आणि डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पाने वाटणाऱ्याला, दोन-दोन पाने मिळतात. डीलरचे एक पान उघडे असते. राजा, राणी, गुलाम यांचे दहा गुण, एक्क्याचा एक किंवा अकरा. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. ओलांडली की डाव बुडाला. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा गुणांचे पान आले तर तो ब्लॅकजॅक, आणि त्याला दीडपट पैसे मिळत. खेळाडू हवे तेव्हा थांबू शकतो, पैज दुप्पट करू शकतो, सारखी दोन पाने आली तर त्यांचे दोन डाव करू शकतो. डीलरला यातली कोणतीच मुभा नाही. सोळापर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे आणि सतरा झाले की थांबलेच पाहिजे. तरीही कॅसिनोची बाजू वरचढ राहते, कारण खेळाडू आधी खेळतो. तो बुडाला की त्याची पैज गेलीच, मग डीलरही बुडाला असता तरी उपयोग नाही.

एकवीसचा हा खेळ युरोपात जुना आहे. सर्व्हांटिसच्या १६१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश कथेत त्याचा उल्लेख सापडतो, आणि फ्रान्समध्ये तो ‘व्हँतेउन’ म्हणून खेळला जाई. नेव्हाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केल्यावर तो लास व्हेगास आणि रीनो इथल्या कॅसिनोंमध्ये रुजला. त्या काळी डीलर बावन्न पानांचा एकच कॅट हातात धरून वाटत असे आणि बऱ्याचदा जवळजवळ शेवटच्या पानापर्यंत वाटत असे. कॅट संपत आला आणि एक्के-राजे अजून बाहेर पडलेले नाहीत हे ध्यानात येताच पैज एकदम वाढवणारे काही मुरलेले जुगारी तेव्हाही होते. रडारच्या सिद्धांतात नाव कमावलेले गणितज्ञ जेस मार्कम यांनी १९५० च्या आधीच अशी काही पद्धत बसवली होती, असे सांगितले जाते. पण या मंडळींनी आपले ज्ञान स्वतःपाशीच ठेवले.

पहिले उघड आणि तपासून पाहता येईल असे काम केले ते अमेरिकी लष्करातल्या चार तरुणांनी. मेरिलँडमधील ॲबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड या तळावर रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट नेमणुकीवर होते. डीलरच्या हालचाली नियमाने बांधलेल्या आहेत, तेव्हा प्रत्येक परिस्थितीत खेळाडूने काय करावे याचे नेमके उत्तर गणिताने काढता येईल, ही गोष्ट बाल्डविन यांच्या लक्षात आली. संगणक त्यांच्यापाशी नव्हता. टेबलावरच्या गणनयंत्रांवर, कामाच्या वेळेबाहेर, सुमारे दीड वर्ष ते आकडेमोड करत राहिले. त्यांचा निबंध सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. त्यांच्या रीतीने खेळल्यास कॅसिनोची सरशी, म्हणजे लावलेल्या पैशांमागे सरासरी मिळणारा नफा, ०.६२ टक्के एवढीच उरते, असा त्यांचा हिशेब होता. पुढे संगणकावर पडताळा घेतला तेव्हा त्यांची खेळण्याची रीत जवळजवळ तंतोतंत बरोबर निघाली. पत्तेमोजणीच्या कथेत या चौघांना सहसा एका ओळीत उरकले जाते. तो अन्याय आहे, कारण पुढचे सारे याच पायावर उभे राहिले.

त्यांच्या हिशेबाला एक मर्यादा होती. कॅट दर वेळी पूर्ण आहे, असे त्यात धरलेले होते. प्रत्यक्षात पडलेले पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. रूलेटच्या चाकावर आधीच्या फेरीचा पुढच्या फेरीवर परिणाम होत नाही, ब्लॅकजॅकमध्ये होतो. हा फरक मुळापासून तपासला एडवर्ड थॉर्प यांनी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९५८ मध्ये गणितात पीएच.डी. झालेल्या थॉर्प यांना त्यांचे सहकारी प्राध्यापक सॉर्गेनफ्राय यांनी बाल्डविन मंडळींचा निबंध दाखवला. त्या नाताळात पत्नीसह लास व्हेगासला गेलेले थॉर्प ती रीत एका चिठ्ठीवर उतरवून टेबलाशी बसले. दहा डॉलर घेऊन बसले आणि साडेआठ हरून उठले. पण शेजारच्या लोकांपेक्षा आपले पैसे बराच वेळ टिकले हे त्यांनी पाहिले आणि कुतूहल जागे झाले.

त्यांनी बाल्डविन यांना पत्र लिहून मूळ आकडेमोड मागवली. चौघांनी ती मोकळ्या मनाने पाठवून दिली. १९५९ मध्ये थॉर्प एमआयटीत शिकवायला गेले आणि तिथे त्यांच्या हाती आयबीएम ७०४ हा संगणक आला. फोरट्रान ही तेव्हा नवी असलेली संगणकभाषा शिकून त्यांनी एकेक प्रश्न यंत्राला घातला : चारही एक्के काढून टाकले तर काय होते, चारही दुर्र्या काढल्या तर काय होते? उत्तर चकित करणारे होते. सगळ्यांत मोठा फरक पंज्या पाडत होत्या. चारही पंज्या निघून गेल्या की उरलेल्या कॅटमध्ये खेळाडूलाच तीन टक्क्यांहून अधिक सरशी मिळत होती. कारण सोपे आहे. बारा ते सोळा ही डीलरची अडचणीची बेरीज. तिथे त्याला पान घ्यावेच लागते. पंजी आली तर बाराचे सतरा होतात, सोळाचे एकवीस होतात, आणि तो कधीच बुडत नाही. एक्का आणि दहाची पाने याच्या उलट खेळाडूच्या फायद्याची. त्यांमुळे ब्लॅकजॅक दोघांनाही सारखेच येतात, पण दीडपट पैसे फक्त खेळाडूला मिळतात.

हे निष्कर्ष अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या विज्ञानसंस्थेच्या कामकाज-पत्रिकेत छापायचे तर ॲकॅडमीच्या सदस्याची शिफारस हवी होती. थॉर्प १९६० च्या अखेरीस माहिती सिद्धांताचे जनक आणि ॲकॅडमीचे सदस्य क्लॉड शॅनन यांना भेटले. शॅनन यांनी निबंध बारकाईने तपासला, शीर्षक जरा सौम्य करायला सुचवले आणि तो पाठवला. शिवाय बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतले जॉन केली यांचा १९५६ चा निबंध त्यांनी थॉर्प यांना दाखवला. सरशी किती आहे त्या प्रमाणात आपल्या एकूण पैशांतला किती हिस्सा पणाला लावावा, याचे सूत्र त्यात आहे. पत्तेमोजणीची ही दुसरी बाजू पहिलीइतकीच मोलाची आहे. अनुकूल कॅट ओळखता आला, पण पैज बेतात ठेवता आली नाही, तर चांगला मोजणाराही दिवाळखोर होतो.

जानेवारी १९६१ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अधिवेशनात थॉर्प यांनी हे काम मांडले. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले, तर कॅसिनोवाल्यांनी थट्टा केली. मॅनी किमेल आणि एडी हँड या दोन धनिक जुगाऱ्यांनी भांडवल देऊ केले. ते एक लाख डॉलरही लावायला तयार होते. थॉर्प दहा हजारांवर अडून राहिले. त्या वसंतात रीनो आणि लेक टाहोच्या टेबलांवर त्या दहा हजारांवर सुमारे अकरा हजारांची कमाई झाली, आणि कागदावरचे गणित कॅसिनोत उतरते हे सिद्ध झाले.

थॉर्प यांचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. त्यात नुसत्या पंज्या मोजण्याची सोपी रीत होती आणि दहांची अधिक प्रभावी रीतही होती. कॅटमध्ये दहा गुणांची पाने सोळा, बाकीची छत्तीस. म्हणजे गुणोत्तर २.२५. ते २ वर उतरले की खेळाडूची सरशी साधारण एक टक्का होते. मात्र गोंगाटात भागाकार करत राहणे सामान्य माणसाला जड जाई. हार्वी डुबनर यांनी १९६३ मध्ये लास व्हेगासला भरलेल्या संगणक परिषदेत सुटसुटीत ‘हाय-लो’ मोजणी मांडली : दुर्री ते छक्की पडली की एक मिळवायचा, दहाचे पान किंवा एक्का पडला की एक वजा करायचा, सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची. आयबीएममधील ज्युलियन ब्राउन यांनी ती आकड्यांनी पक्की केली आणि ‘बीट द डीलर’च्या १९६६ च्या सुधारित आवृत्तीत ती आली. कसबी मोजणारे आजही बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतात.

पुस्तक हातोहात खपू लागले तेव्हा कॅसिनो घाबरले. १ एप्रिल १९६४ पासून लास व्हेगासच्या मोठ्या हॉटेलांनी नियम आवळले : पैज फक्त अकरावरच दुप्पट करता येईल आणि एक्क्यांची जोडी फोडता येणार नाही. गिऱ्हाइकांनी टेबलांकडे पाठ फिरवली आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आणावे लागले. पुस्तक वाचून आलेल्या बहुतेकांना नीट मोजता येत नव्हते, आणि आपण जिंकू या आशेने ते पूर्वीपेक्षा जास्त खेळत होते. त्यामुळे कॅसिनोचा धंदा उलट वाढला. मोजणी खरोखर जमणाऱ्यांसाठी मग इतर उपाय निघाले : कॅट अर्ध्यावरच पिसणे, संशयिताला टेबलावरून उठवणे, आणि हातातल्या एका कॅटऐवजी चार-चार कॅट एकत्र करून ‘शू’ नावाच्या पेटीतून पाने वाटणे.