वाळवंटी भागात सांडपाणी शुद्ध करून शेतीला देणं

शहराचं किंवा वस्तीचं मैलापाणी प्लँटमध्ये शुद्ध करून कोरड्या मुलखातल्या शेतीला हक्काचं पाणी म्हणून देण्याची पद्धत. पुण्याकडे प्लँटला सरसकट एसटीपी म्हणतात आणि त्यातून निघतं ते 'प्रक्रिया केलेलं पाणी'. नदीत सोडलेलं पाणी खालच्या अंगाला कुणी मोटर टाकून उचललं तर त्यालाही पुनर्वापर म्हणायचं का, यावर एकमत नाही. इथे मुद्दाम शेतीसाठी तयार केलेलं आणि शेतापर्यंत पोचवलेलं पाणी एवढंच धरलंय.

सुरुवात कुठून धरायची हा जुना वाद आहे. क्रीट बेटावरच्या मिनोअन लोकांच्या आणि मोहेंजोदडोच्या गटारांचा दाखला बरेच जण देतात, पण गटारं सापडली म्हणजे ते पाणी शेतात जात होतं असं सिद्ध होत नाही, तिथे पुरावा तोकडाच आहे. लेखी आधार मिळतो तो युरोपात. सायलेशियातल्या (आजचं पोलंड) बुन्त्सलाऊ गावात सोळाव्या शतकात मैलापाणी शेतात सोडत होते (बहुतेक ठिकाणी १५३१ साल येतं, काही जण १५५९ देतात), मग एडिनबराजवळची क्रेगेंटिनीची कुरणं, तीही साधारण १६५० च्या सुमाराची मानतात. पण या सगळ्या ठिकाणी पाऊस भरपूर, पाण्याची टंचाई नव्हती, घाण गावाबाहेर नेऊन जिरवायची एवढाच हेतू, पीक हा वरचा फायदा. त्यामुळे वाळवंटातल्या पद्धतीचं मूळ तिथे शोधण्यापेक्षा कैरोजवळच्या गबल अल-अस्फरपासून धरणं जास्त पटतं, तिथे साधारण १९११ पासून शहराचं मैलापाणी वाळवंटी जमिनीवर शेतीला वापरतायत. नियम करण्यात मात्र कॅलिफोर्निया पुढे, तिथले पहिले नियम १९१८ चे.

प्लँटमधलं काम सगळीकडे साधारण सारखंच: जाळी, वाळू खाली बसवणं, हवा मारून जिवाणूंकडून घाण खाववणं (ही रीत आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडली), परत निवळणं, शेवटी फिल्टर आणि क्लोरीन. जागा आणि ऊन मुबलक असेल तिथे मोठी उथळ तळी करून पाणी नुसतं थांबवून ठेवतात, त्यात जंतांची अंडी आपोआप तळाला बसतात, आणि शेतकऱ्याच्या तब्येतीच्या दृष्टीने ही अंडीच सगळ्यात चिवट. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलीमध्ये १००० विष्ठाजन्य जिवाणू आणि लिटरमागे जास्तीत जास्त १ अंडं अशी मर्यादा दिली होती. २००६ मध्ये हा एकच आकडा सगळ्यांना लावणं सोडून पीक कोणतं, पाणी कसं देणार, भाजी धुऊन खाणार का हे धरून हिशेब मांडला, आणि गरीब देशांना तोच जास्त झेपणारा आहे.

वाळवंटात खरी अडचण घाणीची नाहीच, मिठाची आणि साठ्याची आहे. साधा प्लँट मैला काढतो पण मीठ काढत नाही, आणि धुण्याची पावडर, स्वयंपाक, लघवी मिळून घरातून निघणारं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा खारटच असतं, त्यात कडक उन्हात पाणी उडून जातं आणि मीठ मातीत राहतं. सोडियम वाढला की चिकण माती विस्कटते, पाणी मुरत नाही, आपण जिला चोपण म्हणतो तशी जमीन होते. दुसरं म्हणजे संडास-बाथरूमचं पाणी बारा महिने सारखं येतं पण पिकाला ते उन्हाळ्यात जास्त लागतं, आणि उघड्या तळ्यात साठवलं तर बाष्पीभवनात जातं.

यावरचं सगळ्यात नावाजलेलं उत्तर म्हणजे इस्रायलचा शाफदान हा सांडपाणी प्रकल्प. तेल अवीव परिसराचं पाणी शुद्ध करून किनाऱ्याजवळच्या वाळूच्या वाफ्यांत सोडतात, एखादा दिवस भरायचं, मग दोन-तीन दिवस सुकू द्यायचं, मधूनमधून वाफा नांगरायचा, नाहीतर वर साय धरते आणि मुरणं थांबतं. पाणी कित्येक महिने जमिनीखाली राहतं, वाळूतून गाळून निघतं आणि साठाही तिथेच होतो. भोवतीच्या विहिरींतून उपसून ते १९८९ पासून वेगळ्या पाइपलाइनने दक्षिणेकडच्या नेगेव्ह वाळवंटात शेतीला जातं. वर्षाला साधारण १३ कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात साडेचार टीएमसी (अब्ज घनफूट). यातही एक दुखणं निघालंच: जमिनीखाली ऑक्सिजन संपला की वाळूतलं मँगनीज विरघळतं आणि पुढे पाइपात, ड्रीपरमध्ये काळा थर होऊन बसतं. जॉर्डनमध्ये अस-समरा प्लँटचं (२००८) पाणी झर्का नदीतून किंग तलाल धरणात आणि तिथून जॉर्डन खोऱ्यातल्या शेतीला जातं.

पुणे वाळवंट नाही, शहरात ७०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, पण पूर्वेकडे दौंड-इंदापूरला गेलं की पर्जन्यछाया लागते आणि प्रश्न तोच. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) प्रक्रिया केलेलं पाणी उचलून शेतीला पाणी देणाऱ्या बेबी कालव्यात सोडायचं, बदल्यात शहराने खडकवासल्याचं धरणाचं पाणी घ्यायचं, असा महापालिका आणि जलसंपदा खात्यातला करार, वर्षाला साडेसहा टीएमसीचा. याचा अर्थ जवळपास ५०० एमएलडी (रोज ५० कोटी लिटर), आणि शहरातल्या जुन्या प्लँटांची क्षमता मिळून ४७७ एमएलडी धरतात, म्हणजे ते सगळे पूर्ण ताकदीने चालले तरी ही भरती होत नाही, म्हणून जपानी कर्जातून होणाऱ्या ११ नव्या प्लँटांकडे (३९६ एमएलडी) कालव्याखालचे लोक डोळे लावून आहेत. पुरंदर उपसा सिंचन योजनाही मुळा-मुठेचंच पाणी उचलून वर चढवते, पण वर दिलेल्या व्याख्येत ती बसत नाही.

या पाण्यावर ड्रीप चालवायचं तर लॅटरलची (शेतात पसरलेल्या ड्रीपच्या नळ्यांची) टोकं वारंवार उघडून धुवावी लागतात. टोपण काढलं की आधी बोटभर काळा, बुळबुळीत गाळ येतो, त्याला गटाराचा वास असतो, मग हळूहळू पाणी स्वच्छ होतं. सँड फिल्टर उलटा धुणं आणि अधूनमधून ॲसिड किंवा क्लोरीन सोडणं हे विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त वेळा करावं लागतं. नत्र मात्र या पाण्यातून फुकट मिळतं, त्यामुळे युरिया कमी करावा लागतो, न केल्यास ऊस नुसता वाढतो आणि साखर उतरत नाही.