तपकिरी सावलीचं नाव काय?

डच चित्रकार रेम्ब्रांचं ‘झोपलेली तरुणी’ हे रेखाटन साधारण १६५४ चं, अवघं २४६ × २०३ मिलिमीटरचं. टाकाची एकही रेघ नाही, सगळं ब्रशनं. डोकं हातावर टेकलंय, डोक्यामागे सैल हाताने मारलेला वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा हात, आहे. कपड्यावरच्या काही फटकाऱ्यांत ब्रश सुकत आलाय आणि रंगातून कागद डोकावतो. रेषा कुठे संपली नि सावली कुठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. झोपलेली स्त्री त्याची सहचारिणी असावी, असं मानलं जातं. लग्नाशिवाय त्याच्यासोबत राहते म्हणून त्याच वर्षी चर्चने तिला जाब विचारला होता. ते ठाऊक असलं की ही झोप फारच खासगी वाटू लागते.

गोंधळ आहे तो शाईच्या नावाचा. अशा चित्रांना आपण सर्रास ‘सेपिया’ म्हणतो. खरा सेपिया माकूल या समुद्री जीवाच्या शाईचा, आणि चित्रकारांत तो रुळला अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे इथे ते नाव चुकीचंच. मग अभ्यासकांनी ‘बिस्टर’ धरलं. बिस्टर म्हणजे लाकडाची काजळी पाण्यात उकळून काढलेला तपकिरी रंग. कित्येक वर्षं रेम्ब्रांची जवळजवळ सगळी तपकिरी रेखाटनं या एका शब्दाखाली गेली.

पण त्या काळी रोजच्या लिखाणाची शाई वेगळी होती: मायफळ, हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक. होय, बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. ही शाई हवेत काळी पडते, काळाच्या ओघात तपकिरी होते आणि कधी कागदही खाते. १६३८-३९ च्या सुमारास रेम्ब्रांने ती वापरलेली आहे. क्ष-किरणांच्या तपासणीत तिच्यातलं लोह सापडतं. म्हणजे ज्या ‘उबदार’ सावलीचं आपण कौतुक करतो, ती काही चित्रांत मुळात काळी होती. काळ्या सावलीशेजारी कोरा कागद किती लखलखत असेल! म्हणून हा वाद मला निव्वळ शब्दांचा वाटत नाही.

आता बऱ्याच संग्रहालयांनी सावध तोडगा काढलाय: तपासणी झाली नसेल तर नुसतं ‘तपकिरी शाई’ लिहायचं. काहींना ही पळवाट वाटते. मला हेच प्रामाणिक वाटतं.

चित्रकार कोण, हा वादही जुनाच. १९५० च्या दशकातल्या मोठ्या सूचीत रेम्ब्रांच्या नावावर सुमारे १,४०० रेखाटनं होती, त्यांतली बरीच पुढे शिष्यांकडे गेली. ही तरुणी मात्र त्याचीच राहिली. १८९५ पासून ती लंडनमध्ये आहे, पण कायम भिंतीवर नसते. उजेडाने रंग उडतो, म्हणून अशी रेखाटनं बहुतेक काळ पेटीत, अंधारात ठेवतात.