माडीच्या लाकडी गॅलरीच्या फळ्या : दुरुस्ती केव्हा, बदल केव्हा

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या माडीची गॅलरी पायाखाली दबायला लागली की घरमालक पहिल्यांदा विचारतात, ‘सगळंच काढून टाकायचं का?’ आमचं सांगणं असतं, जरा थांबा. त्या काळी वापरलेला साग गाभ्याचा, पिकलेला आहे. तसा माल आज सहजासहजी मिळत नाही, मिळाला तरी परवडत नाही. वाचेल तेवढा तो वाचवायला हवा. मात्र काय वाचेल हे वरून कळत नाही, त्यासाठी खालून बघावं लागतं.

वरून करडी, खरबरीत झालेली फळी कुजलेलीच असेल असं नाही. तो उन्हाचा परिणाम. रंधा मारला की आत चांगलं लाकूड निघतं. खरी परीक्षा दाभणाची. पोती शिवायचं दाभण घेऊन फळीची टोकं, खिळ्यांभोवतीची जागा आणि कडी, म्हणजे फळ्यांखालचा आडवा वासा, भिंतीत शिरते तो भाग टोचून बघा. दाभण अडलं तर लाकूड शाबूत आहे. पाव इंच सहज आत गेलं, तर तेवढा भाग गेला. भिंतीवरून कडीकडे मातीच्या बारीक वाटा चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय नवी फळी ठोकू नये.

आपल्याकडे कोकणासारखा पाऊस नाही, तरी लाकूड कुजतं कशानं? आम्ही उघडलेल्या कितीतरी गॅलऱ्यांत कुजलेली जागा नेमकी कूलरखाली निघाली. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, कूलर रात्रंदिवस चालतो, टाकी ठिबकते आणि पाणी फटीतून कडीवर उतरतं. वरची फळी दुपारी कोरडी दिसते, पण ती जिथे कडीवर टेकते तिथली ओल हटत नाही. माठाच्या तिवईखालीही हेच होतं. म्हणून कूलरखाली पत्र्याचा ट्रे आणि त्याला बाहेर सोडलेली नळी, एवढं तरी कराच.

एक-दोन फळ्याच गेल्या असतील तर तेवढ्याच बदलता येतात. नव्या फळीचा जोड कडीच्या मधोमध यावा, अधांतरी नको. कडीचं फक्त टोक कुजलं असेल तर बाजूनं जोडकडी देऊन ती वाचवता येते. पण निम्म्याहून जास्त कड्या मऊ असतील तर सगळं उघडावंच लागतं. खाली कुजकं ठेवून वर नवा साग ठोकणं म्हणजे तुमचे पैसे पाण्यात; असं काम आम्ही घेत नाही.

इंची फळीसाठी कड्यांमधलं अंतर दीड फुटापेक्षा जास्त ठेवू नये. पाणी निघून जावं म्हणून बाहेरच्या बाजूला दर फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतार द्यावा. उन्हाळ्यात सुकलेली फळी पावसात फुगते, त्यामुळे दोन फळ्यांत सुमारे सूतभर फट हवी. लोखंडी खिळे गंजतात आणि सागावर काळे डाग पाडतात. आम्ही स्टेनलेस स्टीलचे स्क्रूच वापरतो. कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं, म्हणून फळी बसवण्याआधीच तिथे तेल किंवा रंग मुरवावा. हे बसवल्यावर करता येत नाही, आणि घाईच्या कामात नेमकं हेच राहून जातं.

दहा फूट बाय चार फूट गॅलरीला इंची फळी धरली तर सुमारे सव्वातीन घनफूट लाकूड लागतं, तुटीसह चार धरा. जुन्या वाड्याचा साग मिळाला तर उत्तमच, मात्र खिळे काढून आणि वाळवी तपासून. नवा घेतला तर पावती मागून घ्या.

फळ्यांवर सिमेंट ओतून फरशी बसवायचा विचार कृपया करू नका. एवढ्याच गॅलरीवर दोन इंच काँक्रीट म्हणजे साडेचार क्विंटल वजन कायमचं, आणि खालचं लाकूड कुजताना दिसतही नाही.

वरून जवसाचं उकळलेलं तेल, दोन-तीन पातळ हात, आधीचा हात वाळल्यावरच पुढचा. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी एक हात पुरतो. उन्हात व्हार्निशचे पापुद्रे निघतात, म्हणून आम्ही तेलच सुचवतो. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की झोका बांधला जातो. तो गॅलरीच्या कडीला बांधत असाल तर त्याआधी ती कडी आम्हाला दाखवा. बघण्याचे पैसे घेत नाही. काम निघालंच तर होळीच्या सुमारास कळवा, म्हणजे आखाजीपर्यंत गॅलरी तयार होईल आणि पावसाआधी तेलही मुरेल.