घरचा कुत्रा किंवा मांजर चावल्यास: पुण्यात रेबीजची लस कुठं मिळते, कुणाला आणि कोणत्या कागदांवर

रस्त्यावरचा कुत्रा चावला की माणूस धावत दवाखाना गाठतो. घरचा चावला की सोफ्यावर बसून विचार करतो. ‘आपलाच तर आहे’, ‘त्याची लस झालीय’, ‘चावला नाही, दात लागला’ अशा वाटाघाटी करत दोन दिवस निघून जातात. रेबीजच्या बाबतीत ही सवय सगळ्यांत महागात पडते, कारण लक्षणं सुरू झाली की या रोगावर उपाय नाही. लस वेळेवर घेतली तर तो जवळपास नक्की टळतो. प्राण्याची लस झालेली असणं चांगलंच, पण ती योग्य जपलेली होती का आणि पुढचा डोस चुकला का, हे चावण्याच्या क्षणी कुणाला सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर पाळीव प्राण्याच्या चाव्यालाही लस सुरू करतात, ते बरोबरच आहे.

दवाखान्यात जाण्याआधी

जखम वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. दोन मिनिटांत हात पुसणारेच जास्त असतात. विषाणू जखमेत असतानाच जितका धुऊन जाईल तितका बरा. नंतर बिटाडीन लावा. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी यातलं काही लावू नका. घट्ट पट्टीही नको. टाके शक्यतो टाळतात. घालावेच लागले तर आधी जखमेत सीरम (विषाणूला लगेच अडवणारं, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) भरून मगच.

लस कुणाला लागते

वय, उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग यांपैकी कशाचाही इथं संबंध नाही. पात्रता ठरते ती जखमेवरून, आणि डॉक्टर केसपेपरवर तिची श्रेणी लिहितात.

पहिली श्रेणी: प्राण्याला हात लावला, खायला दिलं, अखंड त्वचेवर त्यानं चाटलं. लस लागत नाही.

दुसरी श्रेणी: उघड्या त्वचेवर दात घासला, रक्त न येता ओरखडा उठला. लस लागते.

तिसरी श्रेणी: दात आत रुतला, रक्त आलं, आधीच्या जखमेवर चाटलं किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली. लस आणि सीरम दोन्ही लागतात.

मांजराचा चावा आणि ओरखडा याच नियमात बसतो. मांजरवाल्यांना हे नेहमी अतिशयोक्त वाटतं. घरातला उंदीर, खार किंवा ससा चावला तर सहसा लस देत नाहीत. माकडाचा चावा मात्र सोडून देऊ नका. गर्भवती, अंगावर पाजणारी आई, तान्हं बाळ, साखरेचा रुग्ण, सगळ्यांना लस चालते. स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा एचआयव्हीचे उपचार सुरू असतील तर न विचारता स्वतःहून सांगा, त्यानं सीरमचा आणि लस कशी द्यायची याचा निर्णय बदलतो.

गावाकडचा एक प्रश्न शहरातही येतो: पिसाळलेल्या म्हशीचं दूध प्यायलो, तर? दूध प्यायल्याबद्दल लस लागत नाही. उकळलेल्या दुधाची तर काळजीच नको.

पुण्यात कुठं जायचं

महापालिकेचं मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, स्टेशनजवळचं ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही मोठी ठिकाणं. हवेली, मुळशी, मावळ भागात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात लस मिळते, पण सीरम तिथं असेलच असं नाही. जखम तिसऱ्या श्रेणीची असेल तर लस तिथंच घ्या आणि सीरमसाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. निघण्याआधी १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर विचारून घेतलं तर चक्कर वाचते.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालय त्यात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचं आणि महापालिकेची रुग्णालयं महापालिकेची, तिथं केसपेपरचं किरकोळ शुल्क पडू शकतं. खासगीत लसीच्या प्रत्येक कुपीचे पैसे मोजावे लागतात, आणि माणसाच्या रक्तापासून केलेलं सीरम रुग्णाच्या वजनावर ठरत असल्यानं त्याचं बिल मोठं होतं. रेबीजची लस आणि सीरमऐवजी वापरायचं नवं प्रतिपिंड औषध हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होतं, पण ते मिळतं रुग्णालयात आणि औषधांच्या दुकानात. कंपनीच्या गेटवर जाऊन उपयोग नाही.

कागद आणि खिडकी

यासाठी वेगळा अर्ज भरायचा नसतो. खिडकीवर नाव, वय, पत्ता, मोबाइल सांगायचा, केसपेपर निघतो. ओपीडी बंद असेल तर थेट अपघात विभागात जा, ‘उद्या सकाळी येतो’ म्हणत घरी थांबू नका. आधार जवळ असेल तर न्या. नसेल तर त्यासाठी पहिला डोस अडता कामा नये. पत्ता पुण्याचाच हवा असंही नाही, सदाशिव पेठेत कॉटवर राहणारा विद्यार्थी गावचा पत्ता सांगू शकतो.

डॉक्टर विचारतात ते असं: कोणता प्राणी, कधी चावला, जखम धुतली का, प्राणी आता कुठं आहे, त्याची लस कधी झाली, तुम्ही पूर्वी ही लस घेतली होती का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं. प्राण्याचं लसीकरण पुस्तक असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन जा. तुमचा पूर्वीचा लसीचा कागद असेल तर तो सगळ्यांत मोलाचा.

डोस कसे मोजायचे

पोटात चौदा इंजेक्शनं हा किस्सा आजोबांचा. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दोन पद्धती आहेत. सरकारी रुग्णालयांत बहुधा त्वचेत देतात: दोन्ही दंडांवर ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. खासगीत बहुधा स्नायूत देतात: दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. मोठ्यांना दंडात, लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात ही लस द्यायची नसते, कुणी तशी तयारी करत असेल तर थांबवा.

दिवस शून्य म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस, चावल्याचा नव्हे. यातली एक गंमत सहसा कुणी सांगत नाही: शून्य, सात, चौदा आणि अठ्ठावीस हे सगळे एकाच वारी येतात. पहिला डोस रविवारी घेतला तर सातवा आणि अठ्ठाविसावा दिवसही रविवारच, आणि त्या दिवशी ओपीडी बंद. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की रविवारचा डोस अपघात विभागात मिळेल का. यासाठी पहिला डोस सोमवारपर्यंत ढकलू नका!

त्वचेत देताना एका माणसाला एका वेळी एकूण ०.२ मिली लागते, त्यामुळे एका कुपीत अनेकांचं भागतं. उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते. पुढच्या डोसांना ‘सकाळीच या’ असं परिचारिका सांगतात ते बहुधा याच हिशेबानं.

एखादा डोस चुकला तर लगेच जा आणि तिथून पुढं चालू ठेवा, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मधे कंपनी बदलली तरी चालतं. पथ्य नाही: वांगं, मटण, आंबट, काहीही खा.

सीरम

तिसऱ्या श्रेणीत लसीइतकंच हे महत्त्वाचं. लसीनं अंगात संरक्षण तयार व्हायला काही दिवस लागतात, तोवर जखमेतल्या विषाणूला अडवायचं काम सीरमचं. ते जखमेत आणि भोवती टोचतात, दुखतं, विशेषतः बोटांत. मात्रा वजनावर ठरते: माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्याचं असेल तर ४०. म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२०० किंवा २४००. पहिल्याच दिवशी मिळालं तर उत्तम, नाहीतर पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर नाही. चेहरा, डोकं, बोटं इथल्या चाव्याला एक तासही दवडू नका.

प्राण्याचं काय करायचं

कुत्रा किंवा मांजर असेल तर दहा दिवस घरात बांधून लक्ष ठेवा. पण दहा दिवस थांबून मग लस, असा याचा अर्थ नाही. लस आजच सुरू, निरीक्षण त्याच्या जोडीला. दहा दिवसांनी प्राणी ठणठणीत असेल तर पुढचे डोस कमी करायचे का हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. तो मेला, पळून गेला, खाणं-पाणी सोडलं किंवा विचित्र वागू लागला तर रुग्णालयाला आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला त्याच दिवशी कळवा. शेजाऱ्याचा कुत्रा असेल तर त्याच्या लसीची आणि महापालिकेच्या श्वान परवान्याची प्रत मागा. संबंध बिघडतील म्हणून लोक मागत नाहीत. प्राण्याबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत असलेलं बरं.

शेवटचा डोस झाल्यावर लसीच्या कार्डावर सगळ्या तारखा आणि शिक्का आहे ना ते बघा, आणि त्याचा फोटो काढून घरच्यांनाही पाठवा. पुन्हा कधी चावा बसला तर हे कार्ड दाखवून दोनच डोसांत, दिवस ० आणि ३ ला, काम होतं आणि सीरम लागत नाही. कार्ड नसेल तर सगळं पहिल्यापासून.